भीड भिकेची बहीण
इंग्रजी बोलण्याविषयी आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांस चार शब्द

उमरखेड तालुक्यातील कोणत्याही खेड्यात जा आणि दहावी पास झालेल्या मुलास विचारा की, बाबा, तू इंग्रजी किती वर्षे शिकलास? तो सांगेल, दहा वर्षे. मग त्यास म्हणा की, तुझ्या बापाच्या शेतात काय काय पिकते तेवढे इंग्रजीत सांग. मुलगा खाली पाहू लागेल. कापूस त्यास ठाऊक, सोयाबीन ठाऊक, हळद ठाऊक. त्यांची इंग्रजी नावेही त्याने पुस्तकात वाचलेली. पण तोंडातून वाक्य म्हणून निघावयाचे नाही. बैलास दहा वर्षे जुंपावे आणि त्याने एक तास धरू नये, असा हा प्रकार आहे. आणि अशा वेळी आपण दोष कोणास देतो? बैलासच!

मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून इंग्रजी असे. सन २००० पासून महाराष्ट्र सरकारने ते पहिलीपासून सुरू केले. आज त्यास पाव शतक होऊन गेले. खेड्यापाड्यांतील मुलांस काय वाचता येते याची जी ‘असर’ नावाची पाहणी देशभर होत असते, तिच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे पाचवीतील दर १०० मुलांत सुमारे २५ मुलांसच इंग्रजीची सोपी वाक्ये वाचता आली; २०१६ सालीही आकडा जवळजवळ हाच होता. म्हणजे सहा वर्षांत गाडी तसूभर पुढे सरकली नाही. ही वाचण्याची कथा झाली. बोलण्याचे तर नावच नको.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. बोलण्यापुरते इंग्रजी हे एक अवजार आहे. विळा, वाकस किंवा रंधा जसा हाताने चालवूनच हाती बसतो, तसे हे जिभेने चालवूनच जिभेवर बसते. ते फी भरून विकत मिळत नाही. आमच्या घरांत ते आजवर आले नाही, याची कारणे दोन: चुकीची शिकवणी आणि आमच्या मनात भरवून दिलेली भीड. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगून गेले ते उगाच नव्हे.

दलाल कोठे उभा राहतो?

पैनगंगेच्या काठच्या लोकांस परभाषेचा जाच नवा नाही. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत नदीच्या पलीकडे, हदगावच्या बाजूस, निजामाचे राज्य होते. तेथे सरकारी कारभार उर्दूत चाले. अलीकडे उमरखेड-पुसदची बाजू वऱ्हाडात. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या हाती गेले व १९०३ साली मध्यप्रांतास जोडले गेले. येथे वरच्या कचेरीची भाषा इंग्रजी. दोन्ही काठांवर कुणबी तोच, कपाशी-ज्वारी तीच, आणि बायांच्या जात्यावरच्या ओव्याही त्याच. पण दोन्ही काठांवर साहेबाची भाषा निराळी. म्हणून दोन्ही काठांवर अर्ज लिहिणारा, कागद वाचून दाखविणारा, साहेब काय म्हणाले ते सांगणारा असा मधला एक मनुष्य होताच, आणि त्याची दक्षिणाही ठरलेली होती. ज्याची भाषा आपणांस येत नाही, त्याच्या दारात दलाल उभा राहतो, हा जुना नियम आहे. अडाणी शेतकरी कचेरीत कसा नागवला जातो हे जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात पानोपानी दाखविले आहे.

आता राज्य आपले झाले, १९६४ साली महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम झाला, तहसिलीतील कारभार मराठीत आला, जिल्ह्यातील कोर्टांची भाषाही मराठी झाली. हे चांगलेच झाले. पण दलाल गेला काय? संविधानाच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे हायकोर्टाचे कामकाज आजही इंग्रजीत चालते. बांधाचा तंटा नागपूरच्या खंडपीठापर्यंत गेला, की ज्याची जमीन त्यासच आपला निकाल वाचता येत नाही. विम्याच्या कंपनीचा कागद इंग्रजीत, दवाखान्याचा कागद इंग्रजीत, यंत्राबरोबर येणारे पुस्तक इंग्रजीत. मुलगा पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरीस गेला तर मुलाखत इंग्रजीत. कामात तो पटाईत असतो. परंतु साहेबाने ‘तुझ्याविषयी काही सांग’ असे इंग्रजीत म्हणताच त्याची जीभ टाळूस चिकटते, आणि जागा दुसऱ्यास मिळते.

ह्याहूनही जवळची गोष्ट सांगतो. २०१७ साली आमच्या ह्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले आणि शेकडो लोक दवाखान्यांत भरती झाले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती आणि इंग्रजी न येणे हे काही त्यांत मुख्य नव्हते. पण विष अंगात गेलेल्या माणसास दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो असा की, औषध कोणते मारीत होता? कोणत्या विषावर कोणता उपचार, हे त्या उत्तरावर अवलंबून असते. दुकानदाराने दिलेले नाव निराळे आणि बाटलीत असलेल्या रसायनाचे नाव निराळे. ते दुसरे नाव घरातील एखाद्या पोराने किंवा पोरीने वाचून नीट उच्चारले, आणि बाटलीही बरोबर नेली, तर ती अर्धी घटका वाचते. डब्यावरील चौकोनाचा रंगही घरात सर्वांस पाठ असावा: लाल तो सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा तो त्या मानाने सौम्य. इंग्रजीची चार अक्षरे माजघरात असणे म्हणजे काय, हे यावरून समजावे.

‘हे आपले काम नव्हे’ असे कोण म्हणतो?

इंग्रजीचे नाव काढले, की दोन प्रकारचे उपदेशक पुढे येतात. पहिला म्हणतो, इंग्रजी ही गुलामगिरीची भाषा. तिच्या नादी लागाल तर मराठी बुडेल. ह्या गृहस्थांस आमचा एकच प्रश्न आहे: आपली स्वतःची मुले कोणत्या शाळेत आहेत? सभेत मराठीचा जयजयकार करून घरी मुलांशी इंग्रजीत बोलणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो, तिच्यावर दुसऱ्यास जाऊ न देणे ही रीत आमच्या समाजास चांगली ओळखीची आहे. एके काळी विद्येस संस्कृताचे कुंपण होते. आता तेच कुंपण इंग्रजीचे झाले आहे. फरक इतकाच, की पूर्वी जातीचे सोवळे होते, आता त्यास पैशाचेही सोवळे येऊन मिळाले आहे, आणि ते पाळणाऱ्यांत सर्व जातींचे पैसेवाले आहेत. आपल्या जातीतील चार घरे श्रीमंत झाली म्हणून ते सोवळे आपले होत नाही.

दुसरा उपदेशक आपल्याच घरात असतो. तो म्हणतो, ‘आपण कुणबी माणसे, आपल्यास ते फाडफाड बोलणे कसे यावे? ते शहरातल्यांचे काम.’ ह्यास उत्तर इतिहासाने कधीच देऊन ठेवले आहे.

जोतीराव फुले हे माळ्याचे पोर. बापाने शाळेतून काढून त्यांस मळ्यात कामास लावले होते. शेजारचे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली ते पुन्हा शाळेत, पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षी मळ्यातून उठून इंग्रजी शिकावयास बसले. त्याच इंग्रजीच्या बळावर १८८२ साली त्यांनी हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे निवेदन मांडले, आणि सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो पण शाळांवरील खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे सरकारास त्याच्याच भाषेत सुनावले. पुढे १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी समारंभ केला. बडे लोक हिरेमोती घालून आले होते. जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या वेषात. आणि त्या वेषात उभे राहून त्यांनी राजपुत्रास इंग्रजीत सांगितले की, येथे जमलेल्या मंडळींवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खरा देश खेड्यापाड्यांत आहे, तो जाऊन पाहा.

वाचकहो, ह्या प्रसंगाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जोतीराव इंग्रजी बोलले म्हणून साहेब झाले नाहीत, त्यांचा वेष सुटला नाही आणि आपल्या लोकांशी असलेले नातेही सुटले नाही. त्यांनी इंग्रजी वापरले ते रयतेचे गाऱ्हाणे मधल्या दलालावाचून पोहोचविण्यासाठी. सावित्रीबाईंनीही १८५४ सालच्या आपल्या ‘काव्यफुले’ ह्या संग्रहात, गांजलेल्या लोकांनी इंग्रजी शिकावे म्हणून कविता लिहिल्या, आणि त्या लिहिल्या मराठीत. मराठी बुडेल अशी भीती त्या माउलीस वाटली नाही.

वऱ्हाडातले उदाहरण पाहिजे असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख यांचे घ्या. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८९८ साली जन्मला, एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकला, बॅरिस्टर झाला, आणि परत येऊन १९३२ साली त्याने अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती बहुजनांच्या मुलांसाठी. पुढे देशाचे कृषिखाते त्यांनी सांभाळले. पापळच्या मातीत इंग्रजी रुजते, तर उमरखेडच्या मातीत न रुजण्यास तिला काय वाळवी लागली आहे?

पण थोरांची उदाहरणे तरी कशास? आपल्या तांड्यावरील बंजारा पोर पाहा. घरी आईशी गोरमाटी बोलते, शाळेत मराठी बोलते, बाजारात दुकानदाराशी हिंदी बोलते, आणि ऊसतोडीस किंवा मजुरीस आईबापांबरोबर परमुलखात गेले तर तेथील भाषाही चार महिन्यांत उचलते. त्यास हे व्याकरण कोणी शिकविले? उमरखेडच्या आठवडी बाजारात बसलेली भाजीवाली बाई मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत आणि मुसलमान गिऱ्हाइकाशी हिंदीत भाव करते. तिने कोणती परीक्षा दिली? भाषा शिकण्याची बुद्धी आमच्या घरांत उदंड आहे. ती फक्त कानाने आणि तोंडाने चालते, पाठांतराने चालत नाही.

दहा वर्षे कोठे गेली?

मग शाळेतील दहा वर्षे वाया का जातात? कारण शाळेत इंग्रजी बोलत नाहीत. इंग्रजीविषयी मराठीत बोलतात. मास्तर धड्याचा अर्थ मराठीत सांगतात, प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहून देतात, मुले ती उतरवून घेतात, परीक्षेत ओकतात आणि मोकळी होतात. मागील पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर इंग्रजी घोटले. तो ग्रंथ चांगला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वडिलांनीही लहानपणी त्यांच्याकडून तो घोटून घेतला होता. पण त्यांच्या घरी बाप रोज समोर बसवून शिकवी, आणि पुढे मुंबई, न्यूयॉर्क, लंडन येथे रोजच्या रोज ती भाषा कानावर पडली. नुसते भाषांतर करणारा मनुष्य बोलताना आधी मनात मराठी वाक्य करतो, मग एकेक शब्द उलटा करतो, तोवर समोरचा मनुष्य निघून जातो.

दुसरे कारण भीड. मुलाने तोंड उघडून एक वाक्य म्हणावे आणि ते चुकावे, की सारा वर्ग हसतो. घरी बाप हसतो, चावडीवर मित्र हसतात, ‘मोठा इंग्रज लागून गेला’ म्हणतात. हे हसणारे कोणी परके नव्हेत, आपलेच आहेत. सुताराचे पोर पहिल्यांदा रंधा मारते तेव्हा फळी खडबडीतच होते. म्हणून सुतार काय पोराच्या हातचा रंधा काढून घेतो? चुकलेले वाक्य ही शिकाऊ हाताची खडबडीत फळी आहे. जो हसला, त्याने एका मुलाची दहा वर्षे बुडविली असे समजावे.

उच्चाराची लाज तर मुळीच बाळगू नये. स्कॉटलंडचा मनुष्य एका तऱ्हेने इंग्रजी बोलतो, अमेरिकेचा दुसऱ्या, नायजेरियाचा तिसऱ्या, मद्रासचा चौथ्या. आज जगात इंग्रजी जन्मतः बोलणाऱ्यांपेक्षा शिकून बोलणारे लोक अधिक आहेत. तेव्हा वऱ्हाडी हेल असलेले इंग्रजीही इंग्रजीच होय. समोरच्यास समजले म्हणजे झाले.

पाटीस भुलू नका

ह्या भीडेवर व्यापार करणारेही निघाले आहेत. तालुक्याच्या गावोगावी ‘इंग्लिश मीडियम’ अशी पाटी आणि गळ्यात टाय दिसला, की आमचा शेतकरी बांधव कापसाचे पैसे तेथे ओततो, प्रसंगी कर्ज काढतो. सर्वच शाळा वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण दाखला घेण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करा. शाळेच्या पाटीवर आणि गणवेशावर जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या यत्तेतील एखादे पोर मैदानातून बोलवा, आणि आपल्या घरात काय काय आहे ते त्यास इंग्रजीत सांगावयास लावा. पाठ कविता म्हणू लागले तर समजा की पोपट आहे. दहा मोडकी का होईनात, पण स्वतःची वाक्ये बोलले तर शाळा खरी. जेथे शिकविणाऱ्यासच बोलता येत नाही, तेथे सर्व विषय इंग्रजीत लादल्याने मुलाचे गणितही जाते, शास्त्रही जाते आणि इंग्रजी येत नाही ते नाहीच. घरच्या भाषेत समज पक्की झालेले मूल परकी भाषा लवकर उचलते. मराठी शाळा, तिच्यात रोज इंग्रजी बोलण्याचा एक तास, आणि घरी संध्याकाळी अर्धा तास, एवढे नेटाने झाले तर टायची गरज नाही. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकांची सभा भरेल तेव्हा गप्प बसू नका. बोलण्याचा तास मागा.

घरच्या घरी कसे शिकावे?

पहिली गोष्ट, भांडवल घरातच आहे हे ओळखा. शेतकरी रोज मोटार, पंप, स्टार्टर, फ्यूज, केबल, पाईप, ट्रॅक्टर, ट्रॉली, डिझेल, ब्रेक म्हणतो. शिंपी कॉलर, कफ, बटन, पॉकेट म्हणतो. लोहार वेल्डिंग, कटर, नटबोल्ट म्हणतो. हे सारे इंग्रजीच शब्द आहेत. दाणे घरात आहेत. ओवण्यास दोरा नाही, एवढीच उणीव. इंग्लंडातील ऑग्डेन नावाच्या विद्वानाने १९३० साली अवघ्या ८५० शब्दांत साधा व्यवहार भागेल अशी इंग्रजी बसवून दाखविली. बंगालात शिक्षणखात्यात राहिलेल्या मायकेल वेस्ट साहेबांनी १९५३ साली नित्याच्या सुमारे २००० शब्दांची यादी केली. रोज पाच शब्द धरले तरी ४०० दिवसांत २००० होतात. एका कपाशीच्या हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंतचे हे काम आहे.

दुसरी गोष्ट, दोरा. आपण म्हणतो, ‘मी बाजारात बैल विकला.’ इंग्रज म्हणतो, ‘मी विकला बैल बाजारात’: आय सोल्ड अ बुलक इन द मार्केट. आपले क्रियापद शेवटी, त्याचे कर्त्याला लागूनच. आपण ‘बाजारात’ म्हणताना ‘त’ मागे जोडतो; तो ‘इन’ पुढे ठेवतो. ‘टेबलावर’ हे त्याचे ‘ऑन द टेबल’. एवढ्या दोन खुणा सांभाळल्या तर निम्मी वाट सरली. आणखी एक: ‘मला माहीत आहे’ यास आपले लोक ‘आय ॲम नोइंग’ म्हणतात, ते ‘आय नो’ एवढेच आहे. उच्चारात एकच भेद नीट करावा. एक ‘व्ह’ वरचे दात खालच्या ओठास लावून काढावयाचा, दुसरा ‘व’ ओठ गोल करून. ‘व्हाइन’ म्हणजे वेल आणि ‘वाइन’ म्हणजे दारू. द्राक्षवाल्या शेतकऱ्याने हा भेद विसरू नये!

तिसरी गोष्ट, संकटकाळची वाक्ये आधी शिका. ‘आय डू नॉट अंडरस्टँड’, मला समजले नाही. ‘प्लीज से इट अगेन’, पुन्हा सांगा. ‘प्लीज स्पीक स्लोली’, हळू बोला. ‘व्हॉट डज इट मीन?’, याचा अर्थ काय? ‘प्लीज राइट इट डाउन’, लिहून द्या. ही पाच वाक्ये आमच्या मते पाच एकर जमिनीच्या मोलाची आहेत. आमच्या लोकांचा घात इंग्रजी न आल्याने जितका होतो, त्याहून अधिक न समजता मान डोलावल्याने होतो. न कळलेल्या कागदावर अंगठा उठविणारा आणि न कळलेल्या बोलण्यास ‘यस सर’ म्हणणारा, दोघेही एकाच बाजारात लुटले जातात. आणि सहावे वाक्य हेही असावे: ‘प्लीज गिव्ह इट इन मराठी’. ज्यास इंग्रजी येते, तोच छाती काढून मराठी कागद मागू शकतो, कारण त्याची मागणी अडाणीपणाची म्हणून कोणास झिडकारता येत नाही.

चौथी गोष्ट, सोबत. एकट्याने भाषा येत नाही. दिवेलागणीनंतर मारुतीच्या पारावर, समाजमंदिरात किंवा वाचनालयात पाचसहा जणांनी अर्धा तास बसावे. एक नियम ठेवावा: हसेल त्याने चहा पाजावा. पहिल्या आठवड्यात आपले नाव, गाव, घर, दुसऱ्यात शेत व पिके, तिसऱ्यात बाजार व भाव, चौथ्यात दवाखाना, पाचव्यात बँक, सहाव्यात प्रवास. दिवसभरात जे केले त्याची पाच वाक्ये प्रत्येकाने सांगावी. मोबाइल आता घरोघरी आहे. त्यावर जेवढा वेळ तमाशे पाहण्यात जातो त्यातील पाव घटका इंग्रजी बातम्या ऐकण्यास द्यावी, आणि ऐकलेले वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणावे. मनात म्हटलेले इंग्रजी हे मनातल्या मांड्यांसारखे असते. पोट भरत नाही.

पाचवी गोष्ट मुलींची. ह्या बैठकीत मुली व सुना यांस आधी बसवा. दाई-परिचारिकेची वरची शिकवण इंग्रजीत असते, म्हणून आमच्या हुशार मुली नांदेड-नागपूरच्या दारापर्यंत जाऊन मागे फिरतात. शिवाय मूल पहिली भाषा आईच्या तोंडून शिकते. आईला पन्नास वाक्ये आली तर घरातील पोरांस ती फुकट मिळतात. सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या घरात पोरगी चुलीशी आणि पोरगा शिकवणीस, हा भेद शोभत नाही.

कोणी म्हणेल, हे सांगण्यास सोपे. खेड्यात शिकविणार कोण? त्यांनी गाडीवाटकडे पाहावे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, जिल्ह्यातील ह्या खेड्याच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांस विचारले की, परकी भाषा कोणती शिकाल? यंत्रमानवांचे वेड असलेल्या त्या पोरांनी चक्क जपानी मागितली. गावात जपानी जाणणारा कोण असणार? पण इंटरनेटवरील चित्रफितींच्या आधाराने मुले शिकू लागली, आणि आपसांत जपानीत बोलूही लागली. जपानीचा तर एक शब्द त्यांच्या गोठ्यात नव्हता. आमच्या गोठ्यात इंग्रजीचे शेकडो शब्द पडून आहेत.

बांधवांनो, इंग्रजी येण्याने कोणी शहाणा होत नाही आणि न येण्याने कोणी मूर्ख ठरत नाही. इंग्रजी फाडफाड बोलणारे ठक आम्ही पुष्कळ पाहिले, आणि एक अक्षर न येणारे शहाणे शेतकरीही पाहिले. पण त्या शहाण्या शेतकऱ्याचे शहाणपण बांधापलीकडे जात नाही, आणि ठकाची लबाडी मात्र सातासमुद्रापलीकडे जाते, याचे आम्हांस दुःख आहे. आपले शहाणपण आपल्याच तोंडाने जगास सांगता यावे, आपला भाव आपण करावा, आपला कागद आपण वाचावा, आणि न कळले तर ताठ मानेने ‘पुन्हा सांगा’ म्हणावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. पुस्तक नसले तरी चालेल, मास्तर नसला तरी चालेल. आज दिवेलागणीस पाच माणसे जमवा, पहिले वाक्य चुकीचे बोला, आणि उद्या पुन्हा जमा.